कापताईचे काप आणि मरव्याचं तेल

कापताईला तिच्या खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं जगात दोनच उरली होती, आई आणि बाबा, आणि तीही रागावली तरच. एरवी दारावरच्या पहारेकऱ्यापासून थेट प्रमुख असलेल्या मॅडमपर्यंत सगळ्या प्रयोगशाळेची ती कापताई. नवीन आलेल्या कुणी चुकून पगारपत्रकावरचं नाव उच्चारलं, तर बाकीचे विचारायचे, ही कोण बाई?

नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला हृदयाचा किंवा यकृताचा तुकडा मायक्रोटोम नावाच्या कापयंत्रावर चढवायचा, चाक फिरवायचं आणि पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतके पातळ काप काढायचे, हे तिचं काम. काप सुटे पडत नाहीत, एकाला एक चिकटून त्यांची फीत होते. ती फीत मऊ कुंचल्याने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या मोडल्या की अलगद काचपट्टीवर झेलायची. ऐकायला सोपं वाटतं, करायला बसलं की घाम फुटतो. पात्याला बारीकसा खरचटा असला तरी फीत उभी चिरते, ठोकळा गार नसला तर काप गोळा होऊन बसतो, आणि मध्येच कुणी पंखा लावला तर सकाळभराची मेहनत भिंतीला चिकटलेली दिसते. कापताईच्या खोलीत पंखा लावण्याची कुणाची छाती नव्हती. मॅडम तिथे यायच्या त्यासुद्धा दार हळूच लोटून, श्वास आवरून.

घरी मात्र या कौतुकाची नवऱ्याने पार वाट लावली होती. हिने काकडी चिरली की ती ताटात आधी शोधावी लागते, असं तो पाहुण्यांना सांगायचा. कापताई हसायची, पण आतून तिला ते आवडायचं. गर्व होता का तिला? होता. आणि का नसावा? दुसऱ्या प्रयोगशाळांतून लोक ठोकळे घेऊन तिच्याकडे यायचे, रांगेत थांबायचे. हातांचा अभिमान असावा असे हात तिला मिळाले होते, आणि ते कुठून आले हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

ते आले होते बाबांकडून. बाबा म्हणजे अर्कवाले. बाजारामागच्या गल्लीत त्यांची भट्टी होती, पुढे छोटंसं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. मरव्याच्या जुड्या सावलीत सुकवायच्या, तांब्याच्या मोठ्या भांड्यात दाबून भरायच्या, खालून वाफ सोडायची. वाफ नळीतून गार पाण्याच्या पिंपात जायची आणि दुसऱ्या टोकाने थेंब थेंब बाहेर यायची, खाली पाणी आणि वर फिकट पिवळं तेल. तेल वेगळं करताना खालची पाण्याची तोटी केव्हा बंद करायची, तिथे सगळी मेख. क्षणभर उशीर झाला की तेलही पाण्याबरोबर गेलं, क्षणभर घाई झाली की तेलात पाणी राहिलं. बाबांचा हात त्या तोटीवर असायचा तेव्हा गल्लीत आग लागली असती तरी त्यांनी मान वळवली नसती.

त्या वासातच कापताई वाढली. तिच्या गणवेशाला, वह्यांना, केसांना मरव्याचा वास. वर्गातल्या मुली तिला वळून न बघता ओळखायच्या. लहानपणी तिला त्याची लाज वाटायची, नोकरी लागून घराबाहेर पडली तेव्हा पहिल्यांदा त्या वासाची आठवण यायला लागली. गर्दीत कुणाच्या रुमालाला मरव्याचा थेंब लागलेला असला तरी तिला कळायचं, आणि तो बाबांच्या भट्टीतला आहे की दुसऱ्या कुणाच्या, हेही कळायचं.

दोन वर्षांपूर्वी बाबांना हृदयविकाराचा झटका आला. वाचले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की या आता जन्मभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. बाबांनी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र छातीला मरव्याचं तेल चोळायला सुरुवात केली, आणि बरं वाटायला लागलं त्याचं सगळं श्रेय तेलाला दिलं. गोळ्या आईच्या धाकाने घ्यायचे, तेल मनापासून.

आता मॅडमची गोष्ट बघा. मॅडम वनस्पतींच्या तेलांवर काम करायच्या. एखाद्या तेलाने हृदयाला होणारी इजा कमी होते का, हा त्यांचा ध्यास. त्यांना मरव्याचं शुद्ध तेल हवं होतं आणि बाजारातल्या बाटल्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. कापताई सहज बोलून गेली की माझे बाबा काढतात. दुसऱ्याच आठवड्यात मॅडम गल्लीत हजर. त्या दिवशी बाबांनी तांब्याचं भांडं असं घासलं होतं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. मॅडमनी भट्टी पाहिली, पानं पाहिली, तोटीवरचा हात पाहिला आणि तेल इथूनच घ्यायचं ठरवलं. शहाण्या बाईने आपलं तेल पारखून निवडलं, ही गोष्ट बाबांनी गल्लीत सांगायची बाकी ठेवली नाही. कापताईही मान ताठ करून हिंडत होती.

प्रयोग असा होता. उंदरांचे तीन गट. एका गटाला नुसतं साधं तेल. दुसऱ्यालाही साधंच, पण शेवटी हृदयाला इजा करणारं इंजेक्शन. तिसऱ्याला काही आठवडे मरव्याचं तेल आणि मग तेच इंजेक्शन. नंतर हृदयं काढून बरण्यांत ठेवायची, बरणीवर फक्त आकडा. कोणता आकडा कोणत्या गटाचा, हे एकट्या मॅडमना ठाऊक. ज्यांनी काप काढायचे आणि ज्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, त्यांना कळता कामा नये. कळलं की मन आपल्याला हवं ते बघायला लागतं, म्हणून ही काळजी.

ही काळजी बाकी सगळ्यांच्या बाबतीत पुरली. पण हृदयं काढायला कापताई बसली, आणि काही उंदीर उघडले की तिच्या नाकाला मरवा लागायचा. शेजारच्यांना काहीच वास येत नव्हता, त्यांची नाकं रसायनांनी केव्हाच मेलेली. तिला मात्र आला. अगदी पुसट, बाबांच्या भट्टीतला. आकडे तिच्या डोक्यात न सांगता बसायचे, तसे वास आलेले हे आकडेही बसले.

तिला क्षणभर वाटलं, मॅडमना सांगावं का? मग ती स्वतःशीच म्हणाली, मला कळलं तर काय बिघडलं? मी कुठे काही मोजते? मोजणारे वेगळेच. मी आपली काप काढते, आणि काप म्हणजे काप. नेहमीप्रमाणे तिने प्रत्येक हृदय मधोमध कापून अर्धं कामाला घेतलं आणि अर्धं बरणीत राखून ठेवलं. अर्धं राखायची ही सवय तिची स्वतःची होती. कधी पातं दगा देतं, कधी मेण, असं ती म्हणायची. बरण्यांनी कपाट अडवलं म्हणून मॅडम तिच्यावर अधूनमधून करवादायच्या.

काचपट्ट्या तयार झाल्या, रंगवून झाल्या, दोघा तज्ज्ञांनी वेगवेगळ्या तपासल्या. आकड्यांचं कोडं उलगडलं आणि मॅडम खुर्चीतून उठल्याच. नुसत्या इंजेक्शनवाल्या हृदयांचे स्नायू तुटलेले, मध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी. मरव्याच्या तेलाची हृदयं जवळजवळ धडधाकट. इतका फरक मॅडमनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला आणि लवकरच होणाऱ्या मोठ्या परिषदेत हे मांडायचं ठरवलं. मांडताना भट्टीवाल्यांचे आभार मानणार, असंही म्हणाल्या.

ती बातमी कापताईने जवळजवळ धावतच घरी नेली. बाबा ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चार दिवसांत दुकानाच्या दारावर नवी पाटी लागली. ठळक लाल अक्षरांत: हृदयाचं तेल.

सुट्टीच्या दिवशी कापताई माहेरी गेली तेव्हा आईने तिला स्वयंपाकघरात ओढलं. मसाल्याच्या डब्यामागून गोळ्यांची पाकिटं काढून पुढ्यात ठेवली. एकही गोळी फोडलेली नव्हती. पाटी लागली त्या दिवसापासून बंद केल्यात, आई म्हणाली, मी बोलले की मलाच वेड्यात काढतात.

कापताई पाकिटं हातात घेऊन दुकानात गेली. बाबा बाटल्यांना बुचं लावत बसले होते.

"बाबा, हे काय?"

"काय असणार? गोळ्या आहेत."

"त्या घ्यायच्या असतात."

"आता कशाला? माझ्याच तेलाने उंदरांची हृदयं वाचली ना? मग मी काय उंदरापेक्षा कच्चा आहे?"

तिने त्यांना नाना प्रकारे समजावलं. प्रयोग उंदरांवरचा आहे, तेल त्यांना इजेच्या आधी दिलं होतं, माणसांचं अजून कुणालाच ठाऊक नाही. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हातातलं बूच लावलं, बाटली पुसली. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "काप कुणी काढले?"

"मीच."

"मग झालं तर. दुसऱ्या कुणी काढले असते तर मी हजार शंका काढल्या असत्या. तुझ्या हातावर माझा डोळे मिटून भरवसा आहे."

आणि ते पुढच्या बाटलीकडे वळले. आयुष्यात बाबांनी तिच्या हातांचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. ते ऐकून तिला आनंद का झाला नाही, हे तिला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी पोचली. तिने मेणाच्या ठोकळ्यांचा खण बाहेर ओढला. काही विशेष शोधायचं असं ठरवलं नव्हतं. डोळे मिटून भरवसा ठेवायला बाबा तयार होते, निदान आपण उघड्या डोळ्यांनी एकदा बघावं, एवढंच. ठोकळे आकड्यांप्रमाणे उभे होते. तिने रांगेवरून बोट फिरवलं आणि बोट मध्येच खाली उतरलं. पुन्हा वर आलं, पुन्हा उतरलं.

काही ठोकळे बाकीच्यांपेक्षा पातळ होते. म्हणजे त्यांच्यावर चाक जास्त फिरलं होतं. पहिली फीत टाकून दिली होती, दुसरी टाकली होती, मनासारखी येईपर्यंत ती आत आत कापत गेली होती. पातळ ठोकळ्यांचे आकडे तिने वाचले. ज्या आकड्यांना मरव्याचा वास आला होता, नेमके तेच.

मग तिला एकेक आठवायला लागलं. मरव्याच्या हृदयाची फीत पाण्यावर पसरली आणि त्यात फिकट, विस्कटलेला भाग दिसला की तिच्या मनात यायचं, चुणी पडली वाटतं, जाऊ दे. दुसरी घ्यायची. दुसऱ्या गटातल्या हृदयात तसाच भाग दिसला तेव्हा मात्र चुणी पडल्यासारखं एकदाही वाटलं नव्हतं. ती फीत मुकाट्याने काचपट्टीवर चढली होती. तज्ज्ञांनी इमानदारीने तपासलं ते तिने निवडून दिलेलंच.

आता इथे कुणी म्हणेल, गप्प बसायचं होतं की. ठोकळ्यांची जाडी कोण बघतो? खरंच कुणी बघत नाही. ती गप्प बसली असती तर परिषद झाली असती, बाबांचे आभार मानले गेले असते, लाल पाटी दारावर राहिली असती. आणि बाबांच्या गोळ्या मसाल्याच्या डब्यामागे. एवढं एक तिच्या नजरेसमोरून हलेना. तिने खण तसाच उचलला आणि मॅडमच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवला.

सांगताना तिने काही गाळलं नाही. वास आला तिथपासून सांगितलं. मॅडमनी स्वतः ठोकळ्यांवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उतरला.

"तू हे जाणूनबुजून केलंस?"

"नाही, मॅडम. हातांनी केलं, मला न विचारता. पण हात माझेच आहेत."

मॅडम चिडल्या, अगदी मनापासून चिडल्या. वास आला त्याच दिवशी का नाही सांगितलं, असं त्यांनी खडसावून विचारलं. शेवटी म्हणाल्या की अर्कवाल्यांच्या मुलीला या कामावर बसवताना मीही विचार करायला हवा होता, ती चूक माझी. परिषदेला त्यांनी त्याच दिवशी कळवून टाकलं की आमचं काम अपुरं आहे, आम्ही मांडणार नाही. त्यानंतर दोन दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कापताईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती अर्धी राखलेली हृदयं. सगळी आहेत?"

"एकूण एक."

"मग ऊठ. कामाला लागू."

काप दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावेत, असं कापताईनेच सुचवलं. मॅडम नाही म्हणाल्या. अर्धंच हृदय उरलंय, ते वाया गेलं तर पुन्हा उंदीर मारावे लागतील, आणि इतक्या लहान तुकड्यावर हात बसलेलं दुसरं कुणी माझ्याकडे नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून नियम बांधले. मॅडमनी दार लावून बरण्यांचे जुने आकडे खरवडले आणि नवे चिकटवले. किती खोलवर गेल्यावर कोणता काप उचलायचा हे आधीच ठरवलं आणि ठरलेला काप कसाही येवो, चुण्यांचा येवो नाहीतर फाटका येवो, काचपट्टीवर चढवायचाच, असं ठरलं. राहता राहिलं कापताईचं नाक. इतके दिवस रसायनात राहिलेल्या हृदयांना वास येणं अशक्य, असं मॅडम म्हणत होत्या. कापताईला मात्र स्वतःच्या नाकाची खात्री नव्हती. त्यावर उपाय तिला सुचला, पण त्यासाठी बाबांकडे जावं लागणार होतं. तसंही जायचं होतंच.

बाबा पिंपातलं पाणी बदलत होते. तिने सगळं सांगितलं. अर्ध्यावर येईपर्यंत त्यांचा हात थांबला होता.

"म्हणजे माझं तेल खोटं."

"तेल खोटं नाही, बाबा. माझे काप खोटे होते. तेलाचं काय ते मला अजून माहीत नाही."

"बापाच्या बाजूने जरा हात वळला, तर तो खोटा?"

"हो," कापताई म्हणाली. "तोच खोटा."

बाबांनी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली आणि घरी जायला सांगितलं. ती गेली नाही. तिने पाकिटं पुढे केली आणि म्हणाली की निकाल लागेपर्यंत गोळ्या घ्या, पाटीला मी हात लावत नाही. आणि मला एक बाटली तेल हवंय. कशाला म्हणून त्यांनी विचारलं. तोंडावरच्या मास्कला लावायला, ती म्हणाली. भट्टीवर दिवसभर राहून तुम्हाला मरव्याचा वास येतो का? नाही ना? तसंच मलाही करून घ्यायचंय. सगळीकडेच मरवा असला की कोणत्या हृदयाला आहे ते कळायचं नाही.

बाबा उठले, फळीवरच्या बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या आणि त्यातली सगळ्यात नितळ तिला काढून दिली. गोळ्यांचं पाकीट मात्र तसंच फळीवर ठेवलं. त्या संध्याकाळी आईचा निरोप आला, एक घेतली, तोंड वाकडं करून.

मग कापताई पुन्हा यंत्रावर बसली. मास्कला तेल, डोळ्यांत पाणी, खोलीभर मरवा. चाक फिरवायला तिला इतकं जड कधीच गेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी फितीत एक विस्कटलेला भाग दिसला आणि तिचा कुंचला सवयीने बाजूला वळला. तिने हात मागे घेतला, मांडीवर पुसला, आणि तीच फीत उचलून काचपट्टीवर चढवली. कोणाचं हृदय होतं देव जाणे. असं बरेचदा झालं, आणि दर वेळी तिने तेच केलं. हळूहळू हात निवळला. शेवटच्या बरण्या आल्या तेव्हा चाक पुन्हा पूर्वीसारखं, न सांगता फिरायला लागलं होतं. माझ्या मते तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले काप ते. त्यातले कितीतरी दिसायला वेडेवाकडे होते.

निकाल लागला तेव्हा मॅडम खुर्चीतून उठल्या नाहीत, पण त्यांनी कापताईला शेजारी बसवलं. मरव्याच्या तेलाने फायदा झाला होता. खरा झाला होता, पण थोडा. जखमा होत्याच. नुसत्या इंजेक्शनवाल्या हृदयांपेक्षा काहीशा लहान, पेशींची गर्दी काहीशी कमी. पुढे आणखी तपासून बघावं, इतपत. यावर एखाद्या माणसाने गोळी सोडावी असं त्यात काहीही नव्हतं. मॅडम म्हणाल्या की हे मी कुठेही, कुणाहीसमोर छातीठोकपणे मांडेन. पहिला निकाल मांडताना मला भीतीच वाटत होती, तो फारच गोड होता.

कापताईने विचारलं, बाबांना इथे आणून दाखवलं तर चालेल का. मॅडमनी स्वतः खुर्ची लावून ठेवली.

बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. सूक्ष्मदर्शकात बघायला त्यांना आधी जमेना, स्वतःच्याच पापण्या दिसायच्या. मग जमलं. कापताईने पहिली काचपट्टी ठेवली, धडधाकट हृदयाची. गुलाबी धागे, सरळ, एकाशेजारी एक. बाबा म्हणाले, छान विणलंय. तिने दुसरी ठेवली, इजा झालेली. धागे तुटलेले, मध्ये फिकट रिकाम्या जागा, त्यांत जांभळे ठिपके दाटलेले. तिसरी त्यांच्या तेलाची. ते बराच वेळ बघत राहिले, मग चाचपडत तिचा हात धरला, भिंगावरचा डोळा न हलवता.

"इथेही तुटलंय."

"हो."

"जरा कमी."

"जरा कमी."

"मला झटका आला तेव्हा माझ्या आतही असंच झालं असेल?"

कापताईला खोटं सांगावंसं वाटलं. "असंच, बाबा," ती म्हणाली. "तुटलेलं परत विणता येत नाही. उरलेलं सांभाळायचं. त्यासाठी गोळ्या आहेत."

बाबांनी डोळा भिंगावरून बाजूला घेतला आणि रुमालाने सावकाश पुसला. पुन्हा वाकले आणि आता त्यांनी ती धडधाकट, मग तुटलेली, मग स्वतःच्या तेलाची, अशी तिन्ही पुन्हा बघायला मागितली. बघून झाल्यावर काचपट्टी उजेडात धरली, जशी ते तेलाची बाटली धरत. त्या काचेवर एक पुसट गुलाबी डाग होता, आणि त्यात एक बारीक रेघ. हे इतकं पातळ तू काढलंस, त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. या फितीत चुणी आहे, ते म्हणाले. आहे, ती म्हणाली, ठेवली. बाबांनी काचपट्टी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

पुढच्या सुट्टीला ती माहेरी गेली तेव्हा दारावर पाटी नव्हती. दारावरच्या भिंतीवर चार खिळे आणि पाटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता. आत आई तिला पाकिटं दाखवायला घेऊन आली, अर्धीअधिक रिकामी. दोघी मागच्या खोलीत बोलत होत्या, तेवढ्यात पुढे एक गिऱ्हाईक आलं. लांबून आलेला माणूस होता, बायकोला हृदयाचा त्रास, कुणीतरी इथलं नाव सांगितलं म्हणून आला होता. हृदयाचं तेल हवं, म्हणाला, मोठी बाटली द्या.

कापताई पडद्याआड थांबली. बाबांच्या हातात मोठी बाटली होती, ते तिला दिसत होतं.

"तेल आहे," बाबा म्हणाले. "शुद्ध आहे, वासाला घ्या. पण हृदयासाठी म्हणाल तर बाईंना डॉक्टरकडे न्या आणि गोळी एक दिवस चुकवू नका. मीसुद्धा घेतो."

तो माणूस गोंधळला. म्हणाला, पण लोक तर सांगतात की तपासून सिद्ध झालंय.

"तपासलंय ना. उंदरांना थोडा फरक पडला, माणसांचं अजून कुणाला ठाऊक नाही."

"कुणी तपासलं?"

"माझ्या मुलीने," बाबा म्हणाले. त्यांनी बाटली फळीवर ठेवली आणि दोन्ही हात मोकळे केले. "बापाचं तेल होतं, तरी एक कापसुद्धा बापाच्या बाजूने टाकला नाही तिने. असं काम करणारं माणूस शोधून दाखवा मला."

माणूस काही न घेता निघून गेला. बाबा त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले, मग मागच्या खोलीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस का? गेलं गिऱ्हाईक तुझ्यापायी." आणि हे त्यांनी इतक्या ताठ मानेने सांगितलं की शेजारच्या दुकानदारानेही डोकं बाहेर काढून विचारलं, काय झालं? तर बाबांनी त्यालाही पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.